काउंटरच्या कामापुरतं

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबर २०१३ला, सकाळी सव्वादहाच्या सुमारास विट्याजवळच्या एका पतसंस्थेतून फोन आला. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. उत्तरपूजेची तयारी चालली होती, हात ओले होते, म्हणून मुलीने फोन कानाशी धरला. पलीकडे संस्थेच्या लेखनिक मॅडम.

"दादा, नोटीस नाहीये."

"कसली नोटीस?"

"सभेची. शनिवारी केलेली. विषयपत्रिका, अहवाल, थकबाकीचा तक्ता, काहीच नाहीये."

मी काय ते लगेच ओळखलं. ओळखलं म्हणूनच पोटात गोळा आला. विसर्जन भावावर सोपवलं आणि तासगावमार्गे विट्याकडे गाडी काढली.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या संस्थेची सभा रविवारी, २९ तारखेला ठरली होती. पोटनियमाप्रमाणे सभासदांना पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस जायला हवी. म्हणजे शनिवार १४ तारखेपर्यंत सगळ्या नोटिसा टपालात पडायला हव्यात. हाताशी चार दिवस, आणि त्यातही छापखाना गणपतीत निम्मा बंद. मॅडमनी आठवडाभर खपून जे तयार केलं होतं, त्याची शनिवारी शेवटची दुरुस्ती करून, सेव्ह करून, यंत्र बंद केलं होतं. रविवार सुट्टी, सोमवार चतुर्थीची सुट्टी. मंगळवारी यंत्र सुरू केलं तर पडदा कोरा.

ती यंत्रं मीच बसवलेली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

सांगलीत माझा संगणक दुरुस्ती आणि देखभालीचा व्यवसाय आहे. पतसंस्था, दूध डेअऱ्या, शाळा, एक-दोन दवाखाने असं गिऱ्हाईक. या संस्थेत जुने संगणक होते, त्यांच्या हार्ड डिस्क वर्षाआड जायच्या. गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, बॅटऱ्या उतरलेल्या, त्यामुळे चालू यंत्र धाडकन बंद व्हायचं आणि पुढच्या वेळी विंडोज उघडायचंच नाही. व्यवस्थापक साहेबांनी खर्च वाचवण्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडून वापरलेले आठ थिन क्लायंट आणले. एका मोठ्या कंपनीच्या कचेरीतून निघालेला माल होता तो, पण स्थिती उत्तम.

ज्यांनी थिन क्लायंट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, फक्त फ्लॅश मेमरी. या यंत्रांत ती ४ जीबी होती आणि रॅम १ जीबी. खरं काम आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतं, काउंटरवरची पेटी फक्त त्या कामाचा पडदा दाखवते आणि कीबोर्डची बटणं तिकडे पोचवते. विजेचा खर्च किरकोळ, आवाज शून्य. खात्याची भरणा-उचल, पासबुक छपाई, कर्जाचे हप्ते, सगळं सॉफ्टवेअर सर्व्हरवर. काउंटरसाठी याहून चांगली वस्तू नाही असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

यंत्रात विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड २००९ होतं. पडद्यावर ते अगदी एक्सपीसारखं दिसतं, कारण ते एक्सपीच आहे, फक्त सुटं करून पुन्हा जोडलेलं. एक्सपी एम्बेडेड २००१मध्ये आलं, २००९ ही त्याचीच पुढची आवृत्ती. एक्सपीचे हजारो छोटे घटक वेगवेगळे करून ठेवलेले असतात आणि यंत्र बनवणारा त्यातून आपल्याला हवे तेवढेच उचलतो. एटीएमला प्रिंटरचे चार प्रकार लागत नाहीत, पेट्रोल पंपावरच्या यंत्राला खेळ लागत नाहीत. जे लागत नाही ते आत नसतंच. म्हणून ते एवढ्याशा फ्लॅशमध्ये मावतं.

एक्सपीसारखं दिसतं, हीच अडचण झाली. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "मॅडमच्या टेबलावर यातलंच एक ठेवा आणि त्यात वर्ड-एक्सेल टाका. वेगळा संगणक कशाला?" मी हो म्हणालो. तो क्षण मला नीट आठवतो, कारण तेव्हा हो म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

संस्थेच्या कपाटात ऑफिस २००७चा एक डबा होता. होम अँड स्टुडंट आवृत्ती. कोणीतरी चार वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. डब्यावर तीन संगणकांचा उल्लेख होता, त्यामुळे साहेबांचं म्हणणं, तीनपैकी एक परवाना इथे वापरू. थिन क्लायंटला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून मी सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि सुरुवात केली. निम्म्यावर गेल्यावर जागा संपल्याचा संदेश आला. फ्लॅशवर जवळजवळ २ जीबी मोकळी दिसत होती, ऑफिसला दीड लागतो. मग जागा संपली कशी?

उत्तर घड्याळाशेजारी होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवं चिन्ह. ते राइट फिल्टरचं. हा फिल्टर चालू असला की यंत्र फ्लॅशवर काहीही लिहीत नाही. तुम्ही फाईल केली, सेटिंग बदललं, कार्यक्रम टाकला, ते सगळं रॅममधल्या एका राखीव तुकड्यात जमा होतं. या फिल्टरला मुळात ६४ एमबीचाच तुकडा दिलेला असतो. दीड जीबीचं ऑफिस ६४ एमबीच्या तांब्यात ओतायला गेलो होतो मी. आणि यंत्र बंद केलं की तो तांब्या रिकामा होतो. पुढच्या वेळी यंत्र फिल्टर चालू केला तेव्हा जसं होतं तसंच उठतं.

ही व्यवस्था कुणी उगीच केलेली नाही. फ्लॅशवर पुन्हा पुन्हा लिहिलं की ती झिजते, म्हणून लिहिणंच टाळायचं. वीज मध्येच गेली तर अर्धवट लिहिलेली फाईल राहू नये, म्हणूनही. कुणी व्हायरस आणला तरी यंत्र बंद-चालू केलं की तो गेला. आमच्या भागातल्या विजेसाठी तर हे वरदान. त्या संस्थेच्या काउंटरवर नंतर कितीदा वीज गेली, पण एकही पेटी कधी बिघडली नाही.

मला फिल्टरची माहिती होती. शिफ्ट दाबून लॉग ऑफ केलं, प्रशासकाच्या खात्यातून आत गेलो, फिल्टर बंद केला, यंत्र पुन्हा सुरू केलं. चिन्ह लाल झालं. ऑफिस टाकलं, वर्ड-एक्सेल उघडून पाहिलं, फिल्टर पुन्हा चालू केला, पुन्हा यंत्र सुरू केलं. चिन्ह हिरवं. काम झालं म्हणून चहा घेतला.

मराठीचं काम मात्र तेवढ्यात झालं नव्हतं. मॅडमच्या जुन्या युनिकोड फाईली पेन ड्राइव्हवर होत्या. फोल्डर उघडलं तर फाईलींच्या नावांच्या जागी चौकोनांच्या रांगा. यंत्र बनवणाऱ्याने देवनागरीचे घटक घेतलेच नव्हते. परदेशातल्या कचेरीसाठी बांधलेल्या यंत्रात मंगल फाँट कशाला असेल? फिल्टर पुन्हा बंद करून मी दुसऱ्या संगणकावरून मंगलची फाईल आणून टाकली. चौकोन गेले, अक्षरं आली, पण ती भलत्याच वळणाची. 'वार्षिक'मधला रफार 'र'ला हलन्त होऊन सुटा उभा राहिलेला, आणि पहिली वेलांटी 'ष'च्या आधी यायची ती नंतर. 'संस्था'तला अर्धा 'स' पाय मोडून बसलेला. फाँट म्हणजे फक्त अक्षरांचे ठसे. ते कुठे, कसे जुळवायचे हे विंडोजमधला वेगळा भाग ठरवतो, आणि तो चालू नव्हता. एक्सपीच्या मूळ सीडीवरून लागणाऱ्या फाईली उचलून तो चालू केला, आणि शेवटी फिल्टरही. संध्याकाळपर्यंत 'वार्षिक सर्वसाधारण सभा' पडद्यावर जशी हवी तशी उमटली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मी निघालो.

निघताना मी एवढंच बोललो होतो, "फाईली सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवत जा." पण वर्ड सेव्ह करताना आपणहून माय डॉक्युमेंट्स उघडतं, आणि ते होतं यंत्राच्या सी ड्राइव्हवर. तो मार्ग बदलणं माझं काम होतं. मी ते केलं नाही. तोंडी सांगून सुटलो.

मंगळवारी संस्थेत पोचलो तेव्हा मॅडम खुर्चीत सरळ बसल्या होत्या, रडलेल्या दिसत होत्या. त्यांना वाटत होतं, त्यांच्याच हातून काही चुकलं. "मी सेव्ह केलं होतं दादा. फाईल बंद करून पुन्हा उघडूनही बघितलं होतं, नोटीस होती." आणि त्या खरं सांगत होत्या. यंत्र चालू आहे तोपर्यंत फाईल दिसते, उघडते, छापता येते. आठवडाभर त्यांनी यंत्र एकदाही बंद केलं नव्हतं, रोज फक्त मॉनिटर बंद करून घरी जायच्या. शनिवारी सुट्ट्या म्हणून पहिल्यांदा मुख्य बटण दाबलं. मी त्यांना हिरवं चिन्ह दाखवलं, सगळं समजावलं आणि म्हणालो, चूक माझी आहे, तुमची नाही. व्यवस्थापक साहेबांसमोर पुन्हा तेच म्हणालो. रॅममधलं गेलेलं परत आणायचा मार्ग नाही, हेही सांगितलं.

सुदैवाने विषयपत्रिकेचा एक कच्चा कागद टेबलाच्या खणात होता, अध्यक्षांनी लाल शाईत दुरुस्त्या केलेला. मी माझा लॅपटॉप उघडून दिला. मॅडमनी त्यावर पुन्हा टायपिंग सुरू केलं. मी शेजारी बसून थकबाकीचे आकडे सर्व्हरवरून काढून देत होतो. रात्री साडेनऊला नोटीस तयार झाली. बुधवारी सकाळी छापखान्यात, शुक्रवारी टपालात.

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळी निघाली, मॅडम चहाला उठल्या तेव्हा. लॅपटॉपवर नोटीस, शेजारी थिन क्लायंटवर रिकामं वर्ड उघडलेलं. साहेबांनी चष्मा वर करून त्या खिडकीची सगळ्यात वरची पट्टी वाचली.

"हे नॉन-कमर्शियल यूज काय लिहिलंय?"

होम अँड स्टुडंट आवृत्ती प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ते दाखवते. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि कधी वाचलं नव्हतं. पतसंस्थेच्या सभेची नोटीस तयार झाली होती ती 'व्यावसायिक वापरासाठी नाही' या ओळीखाली. तीन संगणकांची मुभा एकाच घरातल्या तीन संगणकांना होती, तीही घरगुती कामापुरती.

साहेब गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. तीस वर्षं कर्जप्रकरणं तपासलेला माणूस. म्हणाले, "मग या पेटीचं पण बघा. हिच्या पाठीवर काय लिहिलंय?"

पेटी उलटी केली. मागे परवान्याचा स्टिकर, त्यावर विंडोज एम्बेडेड. त्या रात्री घरी जाऊन मी उत्पादकाचा करार पहिल्यांदा पूर्ण वाचला. मुद्दा सरळ होता. हे विंडोज ठरावीक कामासाठी बनवलेल्या यंत्रात, त्या कामापुरतं वापरायचं. सर्वसाधारण संगणक म्हणून नाही. पत्रं लिहिणं, तक्ते करणं, मेल बघणं ही कामं यंत्राच्या मूळ कामाला पूरक असतील तेवढीच. मॅडमच्या टेबलावरचं यंत्र दिवसभर टायपिंगसाठी ठेवणं यात बसत नव्हतं. एम्बेडेड विंडोज मायक्रोसॉफ्ट यंत्र बनवणाऱ्यांना वेगळ्या अटींवर देतं आणि एका आवृत्तीला वर्षानुवर्षं साथ देतं, ते या मर्यादेच्या बदल्यात. काही एम्बेडेड परवाने तर असे आहेत की आतलं सॉफ्टवेअर दुकानातल्या विंडोजसारखंच, अक्षराचाही फरक नाही. फरक फक्त करारात. ते वाचल्यावर मला कळलं, आपण आजवर 'चालतं का' एवढंच तपासत आलोय.

आणि मंगल? तोही विंडोजच्या परवान्यासोबत येतो. एका संगणकावरून दुसऱ्यावर उचलून न्यायची परवानगी त्यात नाही. एक्सपीच्या सीडीवरून काढलेल्या फाईलींचंही तेच. एका दुपारच्या कामात मी चार ठिकाणी कुंपण ओलांडलं होतं.

बुधवारी साहेबांना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील, कोण बघायला येतंय. ते म्हणाले, "म्हणजे विनियोगाचा प्रश्न आहे. म्हशीसाठी कर्ज घेतलं आणि त्यातून लग्न केलं, तर हप्ता वेळेवर आला तरी आम्ही विनियोग बरोबर म्हणत नाही. कागदावर म्हैस असेल तर गोठ्यात म्हैस दिसली पाहिजे." परवान्याची इतकी स्वच्छ फोड मला तोवर कुणी करून दिली नव्हती. पुढे मी अनेक गिऱ्हाइकांना ती सांगितली.

मग पर्याय शोधले. पहिला विचार असा की ऑफिस सर्व्हरवर टाकू, सगळे तिथूनच वापरतील. संस्थेच्या सर्व्हरला आठही पेट्यांसाठी रिमोट डेस्कटॉपने जोडायचे परवाने होतेच. पण डब्यातलं ऑफिस अशा सर्व्हरवर चालायला नकार द्यायचं, त्याला व्हॉल्युम म्हणजे घाऊक परवाना लागायचा. सांगलीतल्या एका वितरकाच्या माणसाशी बोललो. त्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ओपन लायसन्स या घाऊक योजनेतून घ्यायचे तर पहिल्या खरेदीत किमान पाच परवाने घ्यावे लागत. आणि मोजणी यंत्रांची, माणसांची नाही. एका वेळी दोघंच टाइप करत असले तरी ज्या ज्या पेटीवरून वर्ड उघडता येईल त्या प्रत्येक पेटीचा परवाना हवा. आठ पेट्या, आठ परवाने. काउंटरवरच्या सहा जणांना आयुष्यात वर्ड लागणार नव्हतं. संस्थेने सभासदांच्या ठेवीतून तेवढे पैसे यासाठी का घालावेत?

शेवटी मी सुचवलं ते असं. काउंटरवरच्या पेट्या काउंटरवरच राहू देत, त्यांचं काम त्या उत्तम करतात. मॅडमसाठी आणि साहेबांसाठी दोन साधे संगणक घ्या, विंडोज ७ प्रोफेशनलसकट. त्यावर लिबरऑफिस. २०१०मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं हे सॉफ्टवेअर कितीही संगणकांवर, कचेरीत, दुकानात, कुठेही वापरता येतं. त्या जुलैतच त्याची ४.१ आवृत्ती आली होती. नव्या विंडोजमध्ये देवनागरी आधीपासूनच होती, तरी मी सोबत लोहित हा मुक्त परवान्याचा फाँट टाकून दिला, म्हणजे फाईल कुठल्याही संगणकावर गेली तर फाँटही उघडपणे सोबत पाठवता येईल. जुन्या एक्सेलमधले एक-दोन तक्ते जरा हलले, ते दुरुस्त केले. मॅडमना सवय व्हायला पंधरा दिवस लागले. पहिला आठवडा त्या रोज फोन करायच्या, आणि मी प्रत्येक फोन घेतला.

थिन क्लायंटवरचं ऑफिस मी स्वतः काढलं. फिल्टर बंद, ऑफिस बाहेर, मंगल बाहेर, फिल्टर चालू. दुरुस्तीचे आणि त्या सगळ्या फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत. साहेब द्यायला तयार होते.

नंतर एप्रिल २०१४ आला. ८ तारखेला एक्सपीची साथ संपली. मे महिन्यात एक युक्ती सगळीकडे पसरली. साध्या एक्सपीच्या रजिस्ट्रीत एक नोंद केली की ते स्वतःला दुकानातल्या बिलाच्या यंत्रातलं एम्बेडेड विंडोज समजतं आणि त्या विंडोजची अपडेट्स त्याला मिळू लागतात. ती २०१९पर्यंत येणार होती. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी मागणी केली. मी केलं नाही. ती अपडेट्स साध्या एक्सपीसाठी तपासलेलीच नव्हती, आणि परवान्याच्या बाजूने पाहिलं तर उलट्या दिशेने तेच कुंपण ओलांडणं होतं. काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली, त्यांनी करून घेतलं. दोन-चार वर्षांनी त्यातले दोघे परत आले.

त्या पतसंस्थेच्या आठही पेट्यांना मात्र जानेवारी २०१९पर्यंत हक्काची साथ मिळाली, कारण त्या जशा होत्या तशा राहू दिल्या.

आणि २०१३ची ती सभा २९ सप्टेंबरला व्यवस्थित झाली. मी हजर नव्हतो, पण ऑक्टोबरात देखभालीच्या फेरीला गेलो तेव्हा मॅडमनी डेडस्टॉक रजिस्टर काढून समोर ठेवलं. दोन नव्या संगणकांची नोंद करायची होती, मॉडेल क्रमांक मला वाचून दाखवायचे होते. त्याच पानावर वर आठ थिन क्लायंट होते. तारीख, बिल क्रमांक, नग, किंमत. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मॅडमनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "फक्त काउंटरच्या कामासाठी. यावर काही साठवू नये." खाली साहेबांची सही आणि संस्थेचा निळा शिक्का.

मी नवे क्रमांक सांगू लागलो. त्या एकेक आकडा पुन्हा म्हणत लिहीत गेल्या.